‘तटस्थ’ यांस पत्र

चौऱ्याहत्तर साली भाद्रपद अधिक आला होता, त्यामुळे माझ्या नेमांत आणखी चार नेमांची भर पडली होती. पहाटेचं स्नान, दिव्याला तूप, रोजचा हजार जप, गुरुवारचा फराळ. आमचे हे कोराडीच्या वीजकेंद्रातून संध्याकाळच्या बसनं घरी येत, तेव्हा शर्टाच्या कॉलरमध्ये राखेची बारीक पूड असे. ती झटकून मग मी चहा ठेवायची. नंदनवन वस्तीतलं आमचं घर नवं होतं, भिंतींना अजून चुन्याचा वास होता, आणि माणसं मुळात वाईट नसतात, त्यांना कुणी नीट समजावून सांगितलेलं नसतं, इतकाच माझा जगाविषयीचा अभ्यास होता.

रविवारच्या पेपरात ‘तटस्थ’ नावानं कुणीतरी एक सदर लिहीत असे. आमच्या सोसायटीनं चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले होते आणि त्यात काही बौद्ध घरं इतरांच्या भिंतीला भिंत लावून आली होती. तटस्थांचं म्हणणं असं की, कायदा कायद्याच्या जागी, पण ज्यांचे संस्कार निराळे त्यांच्या ओळीही निराळ्या असाव्यात. त्यात त्यांचंच भलं आहे. भाषा इतकी गोड की वाचता वाचता मान डोलावी. भरल्या वांग्याचा अर्धा घास चावून झाल्यावर उरलेल्या अर्ध्यात अळीचं नुसतं शेपूट दिसावं, तसं मला झालं. मी उठून चूळ भरली.

त्याच दुपारी शेजारची प्रेमिला आली. ती शाळेत शिकवायची, नवरा रवींद्र पोस्टात. प्लॉटवरच्याच टिनाच्या खोलीत राहून ते घर बांधत होते, भिंती सज्ज्यापर्यंत आल्या होत्या आणि त्यांचा प्लॉट बदलून द्यावा म्हणून आमच्याच गल्लीतून अर्ज गेला होता. महिन्याभरात त्यावर सोसायटीची सभा होती.

“ताई, तुम्ही लिहा नं याले उत्तर.”

“मी? अगं, मला राजकारणातलं काय कळतं?”

“यात कोणतं राजकारण हाय? शेजारी कोण राहून राहिलं, तेवढंच तर सांगायचं हाय. यांनी दोन पत्रं धाडली, छापली नाही. तुमचं आडनाव पाहून छापतीन.” मग हसून म्हणाली, “अन् तुमच्या देवाले बी सांगा, संपादकाच्या सपनात जाय म्हना.”

मी संकल्प सोडला: पत्र छापून येईपर्यंत रविवारी अळणी जेवीन. आणि लिहिलं. आम्ही दोघी एकमेकींकडे चहा पितो, एकाच नळावर पिंपं भरतो, आजवर पाणी कुठं विटाळलं नाही, असं साधंच.

पुढच्या रविवारी पत्र नव्हतं, सदर होतं. ‘नंदनवनातील एका सात्त्विक गृहिणीचे पत्र आले आहे. त्या शेजारणीला ज्या कपात चहा देतात, तो कप इतर कपांबरोबर फडताळात न ठेवता खिडकीत पालथा ठेवतात. हा द्वेष नव्हे. हा स्वभाव आहे आणि तो निरोगी आहे.’

“धादांत खोटं!” मी म्हणाले.

“नाव छापलं का तुझं? नाही नं?” हे म्हणाले. “मग काहून जीव जाळून राहिली?”

मी चहा ठेवायला उठले. निळ्या काठाचा एक कप खिडकीत पालथा होता. तो तिथं केव्हा गेला, मला आठवेना. मी तो उचलून फडताळात इतर पाचांबरोबर ठेवला आणि हात उगाचच पदराला पुसला. दुसऱ्या दिवशी प्रेमिला येऊन चहा पिऊन गेली. दिवे लावायच्या वेळी पाहते तो कप खिडकीत, धुऊन, पालथा. घरात माझ्याशिवाय कप विसळणारं कुणी नव्हतं.

दुसरं पत्र मी जास्त नम्रपणे लिहिलं. त्याला उत्तर आलं: ‘सात्त्विक बाईंकडे शेजारून बुद्धपौर्णिमेची खीर आली, त्या दिवशी त्यांचा नेमका उपवास निघाला. उपवास ही फार सोयीची गोष्ट आहे.’

खीर आली होती खरी. उपवास आहे असं मी सांगितलं होतं, तेही खरं. प्रेमिलानंच मग “देवाले आमचा नमस्कार सांगा” म्हणून वाटी ठेवली होती. मी पंचांग काढलं. वैशाखी पौर्णिमेला सोमवार होता, आणि सोमवार मी जन्मात कधी धरलेला नाही.

त्या दिवसापासून माझ्या बोटांना वेलदोड्याचा वास येऊ लागला. शिकेकाईनं, मग राखेनं हात घासले. जपाला बसले तरी माळेबरोबर तो वास नाकाशी यायचा आणि अन्नावरची वासना जायची. माणसाच्या मनात इतकी घाण कशी साठते, असं मी त्या तटस्थांविषयी म्हणत राहिले, आणि म्हणताना जीभ तोंडात परक्यासारखी फिरायची.

शेवटी बस धरून मी सीताबर्डीवर त्यांच्या कचेरीत गेले. भैयाजी नावाचे एक ठेंगणे, स्वच्छ म्हातारे गृहस्थ सुपारी कातरत बसले होते. हेच तटस्थ.

“या, बसा बाई. तुमचीच वाट पाहून राहिलो होतो.”

“मी लिहिलं नव्हतं ते तुम्ही छापलंत.”

“मी काय मनचं लिहितो?” त्यांनी टेबलाच्या खणातून माझी दोन्ही पत्रं काढली. अक्षर माझंच, शाळेत शिकवल्याप्रमाणे डावीकडे घडी घालून सोडलेला रुंद समास माझाच. भैयाजींनी त्या कोऱ्या समासावर बोट ठेवलं आणि वरून खाली सरकवत, जड अक्षर लागावं तसे ते सावकाश वाचू लागले. “‘खीर मोरीत ओतली…’” इथं ते थांबले, चष्मा वर केला.

“‘…आणि वरून दोन तांबे पाणी,’” मी म्हणाले.

मला कुणी विचारलं नव्हतं. हुशार पोरीकडे पाहून मास्तरांनी मान हलवावी, तशी त्यांनी हलवली. मी पदर तोंडाला लावला. सभा आठ दिवसांवर होती.

“मग, छापायचं का पत्र?” त्यांनी अगदी मायेनं विचारलं.

“छापा. पण मी लिहिलंय तेवढंच.”

“तेवढंच. एक काना जास्त नाही.”

रविवारी ते आलं. चौदा ओळी, खाली माझं नाव. मी चष्मा पुसून पाच वेळा वाचलं. शब्द न् शब्द माझा, आजूबाजूला कोरा कागद, बाकी काही नाही. देवापुढं साखर ठेवली. वाटलं, झालं, निस्तरलं. आता प्रेमिलाचं घर उभं राहील.

अंगणात आले तर कुंपणापलीकडे प्रेमिलाच्या हातात पेपर होता. तिची सासू बायजाबाई पायरीवर डाळ निवडत बसली होती.

“मोठ्यानं वाच नं वं. मले काय डोये हायेत?”

प्रेमिलानं वाचलं. खणखणीत, वर्गात वाचतात तसं. पाण्याचं वाक्य तिनं दोनदा वाचलं. माझं नाव आलं तशी बायजाबाई म्हणाली, “भली बाई हाय वं. मी म्हनतच होती.” प्रेमिलानं वर पाहिलं, मी दिसले, ती हसली, आणि घडी घालण्यासाठी पेपराकडे वळलेली तिची नजर तिथंच राहिली.

तिचे ओठ हलत होते. नजर पत्राच्या कडेच्या कोऱ्या समासावरून हळूहळू खाली उतरत होती. मी तिला हाक मारायला तोंड उघडलं. पण ती ज्या शब्दावर पोचत होती तो माझ्या जिभेवर आधीच आलेला होता, म्हणून मी तोंड मिटून घेतलं.

“झालं का वं?” बायजाबाईनं विचारलं.

“नाही, माय,” प्रेमिला मान वर न करता म्हणाली. “अजून हाय.”