एकोणचाळीस टाचण्या

पानगळ सुरू झाली की आईला घर पुरत नसे. झाडांनी अंगणात पिवळा-तांबडा पसारा मांडला की हिने घरात दुसरा मांडलाच म्हणून समजा. जाड पुस्तकांत दाबलेली पानं, खिडकीत वाळत घातलेल्या बिया, खुर्च्यांच्या पाठींवर लोकरीच्या लडी. सकाळचं कोवळं ऊन टेबलावर आलं की चहाचा कप घेऊन बाई जी बसायची, ती दारावरची घंटा वाजली तरी पटकन उठायची नाही. बरं, यात कुणाचं काही बिघडत होतं का? ना कुणाच्या अध्यात, ना मध्यात. पण पोटच्या लेकीलाच ते बघवत नव्हतं.

लेक काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. काचेतले बुडबुडे शोधता शोधता तिला माणसांतलेही दिसायला लागले होते, आणि सगळ्यात जास्त दिसायचे ते आईत.

"बाळंतपणाची सुट्टी संपली की ठमीला माझ्याकडे ठेव," असं आई उन्हाळ्यापासून म्हणत होती. ठमी म्हणजे नात. आठ महिन्यांची, नुकती रांगायला लागलेली, हाताला लागेल ते तोंडात घालणारी.

"या भंगारात?" लेक म्हणायची.

"भंगार काय गं! याच भंगारातले स्वेटर घालून मोठी झालीस."

"आणि याच भंगारातलं बटण नाकात घातलं होतं."

घ्या! झालं सुरू. बटणाची गोष्ट आईनेच आपल्या तोंडाने सांगितली होती, ठमी झाली तेव्हा, भरल्या घरात, हसत हसत. लेक चार वर्षांची असताना नाकात बटण घालून बसली होती. आईने ते क्रोशाच्या सुईने अलगद काढलं आणि नवऱ्याला पत्ताही लागू दिला नाही. ऐकून सगळे हसले. लेक हसली नाही.

"तू लपवलंस," ती म्हणाली.

"अगं, तुझे बाबा किती तापट होते ते तुला…"

"तू लपवतेस, आई." हे वाक्य त्या दिवसापासून तिने धरून ठेवलं. साखर संपली, कुंडी फुटली, दूध उतू गेलं, काही झालं की तेच.

शेवटी एका रविवारी ती ठमीला कडेवर घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, "एक आठवडा बघते. पाळणाघरात जागा धरून ठेवलीय. शनिवारी त्यांना हो-नाही कळवायचंय."

जन्मदात्या आईला आठवडाभर कामावर ठेवून बघणार! आईच्या जिभेवर चांगलं खमंग उत्तर आलं होतं. पण ठमीने तिचा चष्मा ओढला आणि ते उत्तर गिळलं गेलं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. ही पोर रोज घरात रांगणार असेल तर आई आठवडा काय, वर्षभरही परीक्षा द्यायला तयार होती.

आणि काय सांभाळलं म्हणता! बिया बरणीत, बरणी माळ्यावर. कात्र्या कुलपात. ठमी जागी असेपर्यंत सुईला हात नाही. तिच्यासाठीच आई एक गोधडी शिवत होती, जुन्या कपड्यांतून पानांचे आकार कापून एकेक पान वर बसवायचं. ते काम लेक यायच्या आधी पहाटे, नाहीतर ठमी दुपारी झोपली की. टाचण्या मोजून चाळीस, रंगीत डोक्याच्या. काम उरकलं की चाळीसच्या चाळीस डबीत परत गेल्या पाहिजेत, हा आईचा लग्नाआधीपासूनचा नेम.

शुक्रवारी सकाळी लेक आली तेव्हा गोधडी टाचलेल्या अवस्थेत टेबलावर होती.

"हे अजून इथेच?" लेकीच्या कपाळाला आठी.

"उचलतेच आहे. आधी पोरीला तर घेऊ दे."

आईने ठमीला घेतलं आणि तिचं दूध निवत ठेवायला आत गेली. बाहेर आली तेव्हा लेक टेबलापाशीच उभी होती. "येते," म्हणाली आणि निघून गेली. आईने गोधडी गुंडाळून कपाटावर टाकली.

दुपारी ठमी झोपली. आईने राहिलेली पानं शिवली, टाचण्या काढल्या, मोजल्या. एकोणचाळीस. पुन्हा मोजल्या. एकोणचाळीस. डबी उलटी केली, दहा-दहाच्या रांगा लावल्या. चौथ्या रांगेत नऊच.

तिने चष्मा पुसला, गुडघ्यावर बसून लादी इंच इंच चाचपली, चटई झटकली, लोहचुंबक दोरीला बांधून टेबलाखालून फिरवलं. गोधडीत राहिली असेल म्हणून महिनाभराची शिवण टराटरा उसवली. काही नाही. तेवढ्यात ठमी झोपेत खोकली. साधाच खोकला, पण आईने उसवलेली गोधडी तिथेच टाकली.

लेकीला फोन लावला. तीनदा लावला. कारखान्यात फोन पेटीत ठेवून आत जावं लागतं, हे ठाऊक असूनही लावला. मग निरोप टाकला: 'एक टाचणी सापडत नाही. ठमीने गिळली असेल. दवाखान्यात नेते.' हे वाचल्यावर पोरगी पुन्हा या घरात दिसणार नाही, हे आईला स्वच्छ कळत होतं. तरी निरोप गेला आणि मागोमाग आईही गेली, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

संध्याकाळी लेक धापा टाकत आली तेव्हा ठमी आईच्या मांडीवर हुंदके देत देत झोपलेली होती.

"काही नाहीय पोटात," आई म्हणाली. "डॉक्टरांनी एक्स-रे फोटो काढला. पण टाचणी अजून सापडलेली नाही, ते तुला सांगितलेलं बरं. चूक माझीच. गोधडी टेबलावर ठेवायला नको होती. तू पाळणाघराला कळव."

लेक खुर्चीवर बसली. पर्समधून कागदाची पुडी काढली, उलगडली. निळ्या डोक्याची टाचणी.

आईला क्षणभर काही कळेचना. "कुठे मिळाली?"

"मीच घेतली होती. सकाळी." लेकीचा आवाज चक्क मऊ झाला होता. "कारखान्यात आम्ही असंच करतो. चांगल्या बाटल्यांत एक तडकलेली मुद्दाम सोडायची, माणूस सांगतो का बघायचं. आई, तू सांगितलंस. मला वाटलं नव्हतं. आता काही प्रश्नच नाही, सोमवारपासून ठमी तुझ्याकडेच."

उन्हाळ्यापासून जे ऐकायला आई कान टवकारून होती, ते हेच. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दोन माणसांनी हातपाय दाबून धरले होते हिचे," ती म्हणाली. "गार फळीवर उघडी पाडून. रडून रडून निळी पडली. तिसऱ्या वेळेला फोटो नीट आला. आणि टाचणी तुझ्या पर्समध्ये."

"मला काय माहीत तू थेट दवाखान्यात नेशील!"

"मग काय करीन असं वाटलं होतं?"

लेकीने टाचणी पुन्हा पुडीत गुंडाळली. तिला काय वाटलं होतं ते दोघींनाही माहीत होतं.

"ने हिला," आई म्हणाली.

"आई, असं काय करतेस? चुकलं माझं. सोमवारी…"

"सोमवारी नको आणि मंगळवारीही नको. तू उद्या आणखी काहीतरी उचलशील. मी घरभर तुझे सापळे शोधत बसायचं की पोरीकडे बघायचं? मी लपवलं होतं ना एकदा? लपवलं. नवऱ्याच्या भीतीने लपवलं. पण तुझ्या जिवाशी खेळून कधी कुणाची परीक्षा घेतली नाही."

लेकीने ठमीला उचललं. तशी ती जागी झाली, इकडेतिकडे बघता बघता तिला आजी दिसली आणि तिने दोन्ही हात पुढे केले. हुंऽ हुंऽ करत लेकीच्या कडेवरून अर्धी खाली लोंबली.

आजीने तिच्या दुधाची बाटली धुऊन पिशवीत घातली, टोपडं घातलं, पिशवी लेकीच्या खांद्याला अडकवली. मग आपले हात पाठीमागे घेतले आणि त्या दोघी फाटकाबाहेर जाईपर्यंत तसेच घट्ट धरून ठेवले.