निघताना म्हणायचा शब्द

शाळा सुटली की छटाक वर्गाच्या दारातून ओरडायचा, "जातो, बाई!" बाई फळा पुसता पुसता म्हणायच्या, "जातो नाही रे बाळा, येतो म्हणावं." मग तो उंबरठ्यावरून माघारी यायचा, दप्तर सावरत "येतो, बाई" म्हणायचा आणि धूम ठोकायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मुलांना शंभरदा सांगावं लागतं, आणि शंभराव्या वेळीही पहिल्यांदा सांगितल्यासारखं सांगावं लागतं, हे बाईंना ठाऊक होतं. पावणेदोन महिन्यांनी एके दिवशी तो आपणहून "येतो" म्हणाला, तेव्हा बाईंनी त्याला अख्खा नवा खडू बक्षीस दिला.

अंगानं इतका किरकोळ, की वारा सुटला तर आधी खिडकी लावून घ्यावी. म्हणून पोरांनी त्याला छटाक म्हणायला सुरुवात केली. पुढे तो वजनकाटे दुरुस्त करायला लागला, तेव्हा बाई पोट धरून हसल्या होत्या. "छटाकानं क्विंटल तोलायला घेतले की रे!" तोही हसला होता. "काट्याला काय बाई, शून्यावर आणता आला म्हणजे झालं."

या सगळ्याला तीस वर्षं होऊन गेली. बाई निवृत्त झाल्या, गुडघे कुरकुरायला लागले. आणि एका दुपारी त्यांच्या दारात एक अनोळखी स्त्री उभी राहिली. तिनं आपला फोन पिशवीत टाकला, पिशवी बाहेर चपलांशेजारी ठेवली आणि मगच ती आत आली. हल्ली सगळेच तसं करत.

"मी तुमच्या छटाकची बायको. ह्यांना धरून नेलंय, बाई."

"कशापायी गं?"

"येतो म्हणाले म्हणून."

बाईंना आधी हसूच आलं. मग तिचा चेहरा पाहून ते ओठांवरच राहिलं.

लढाईच्या दुसऱ्या वर्षी हेतूचा कायदा आला होता. गुन्हा घडायची वाट कशाला बघायची, माणसाच्या बोलण्यातूनच त्याचा हेतू ओळखायचा, असा तो कायदा. त्यासाठी फाटकांवर, बसथांब्यांवर, बाजारात, दवाखान्यांत छोट्या करड्या डब्या बसवल्या होत्या. लोक त्यांना 'कान' म्हणत. सुरुवातीला गंमत वाटली. शेजारच्या काकू तर बाजारातल्या कानाकडे तोंड करून म्हणायच्या, "बटाटे सडके निघालेत, लिहून घे रे मेल्या!" पुढे एकदा त्या भाच्याला रस्त्यात "मुडदा बसवला तुझा" म्हणाल्या आणि दोन दिवस चौकशीला बसून आल्या. तेव्हापासून काकू भाजी बोट दाखवून घेत.

छटाकचं असं झालं. लष्कराच्या कोठारातला मोठा काटा दुरुस्त करून तो निघाला. फाटकावर एक तरुण पहारेकरी होता, त्याला सवयीनं म्हणाला, "येतो हं, दादा." तिसऱ्या दिवशी कावळ्याएवढं एक उडतं यंत्र त्याच फाटकावर येऊन फुटलं. तीन जवान गेले, त्यात तो पहारेकरीही गेला. मग नोंदयंत्रानं महिनाभरातलं फाटकावरचं सगळं बोलणं चाळलं आणि छटाकच्या नावापुढे लिहिलं: याच ठिकाणी परत येण्याचा इरादा बोलून दाखवला.

"अंक असतो, बाई," ती सांगत होती. "सत्तरच्या वर गेला की छावणी. लढाई संपेपर्यंत. ह्यांचा एकाहत्तर आलाय. एकानं जरी खाली आला तरी सोडतील. उद्या सुनावणी आहे. एकच साक्षीदार चालतो, आणि त्याला पाच मिनिटं. वकील म्हणाले, भाषेतलं कुणीतरी आणा. भाषेतलं माणूस म्हणून मला तुम्हीच ठाऊक."

"लढाई संपेपर्यंत म्हणजे कधी?"

तिनं नुसते हात उडवले. बाईंनी तिला पाणी दिलं.

संध्याकाळी बाईंनी कपाटातून जाडजूड शब्दकोश काढला. 'येणे' या शब्दाला बावीस अर्थ होते. जवळ होणे, प्राप्त होणे, उगवणे, अवगत असणे. राग येणे, झोप येणे, अंगाशी येणे. पण निरोप घेताना म्हणायचा 'येतो' मात्र कुठेच नव्हता. ज्याला त्याला ठाऊक, म्हणून कुणी लिहिलाच नाही. 'जाणे'खाली मात्र सातवा अर्थ होता: मरणे. बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणूनच तर माणसं निघताना तो शब्द टाळतात, आणि एवढं साधं सांगायला आपल्याला उद्या पाच मिनिटं पुरे आहेत, असं त्यांना वाटलं.

न्यायालयात फक्त साक्षीदाराला आत सोडत. छटाकची बायको बाहेर फुटपाथवर थांबली. एका पिकल्या मिशांच्या शिपायानं बाईंचा हात धरून जिना चढवला, बाकावर बसवलं, पाण्याचा पेला आणून दिला. "गुडघे का हो आजी? आमच्या आईचं पण तसंच." कुणीतरी खालून हाक मारली. "बसा निवांत. येतो हं," असं म्हणून तो खाली गेला.

बाईंच्या मनात आलं, हा घ्या माझा पुरावा, याला तर मिशासुद्धा आहेत.

खोली लहान होती. टेबलामागे लष्करी न्यायाधिकारी, चाळिशीचा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. टेबलावर जेवणाच्या डब्याएवढं नोंदयंत्र, त्यावर हिरवा दिवा. एका भिंतीवर पडदा आणि पडद्यावर छटाक. तो अजूनही तितकाच किरकोळ होता, फक्त कानशिलं पांढरी झाली होती. त्याच्या डोक्यावर आकडा दिसत होता, ७१.

"बाई!" तो म्हणाला. "तुम्ही कशाला आलात? जिना केवढा आहे."

"गप रे. शहाणपणा शिकवू नकोस मला."

अधिकाऱ्याच्या तोंडावर किंचित हसू आलं आणि गेलं. "बोला, बाई. पाच मिनिटं आहेत."

बाई उभ्या राहिल्या. वर्गात उभ्या राहत तशाच, हात मागे बांधून. "साहेब, आपल्याकडे निघताना कुणी जातो म्हणत नाही, येतो म्हणतात. त्यात परत यायचा बेत नसतो. मी जिवंत राहीन, तुम्हीही राहा, पुन्हा भेटू, एवढंच असतं त्यात. तुम्हाला हे मी सांगायला नको."

"मला कळतं हो," अधिकारी हळू म्हणाला. मग त्यानं यंत्राकडे पाहिलं. "पण मला कळून उपयोग नाही. कायद्यानं नोंदयंत्राला कळलं पाहिजे. कोशात आहे हा अर्थ?"

"नाही."

आकडा हलला नाही.

"कोशात नसेल," बाई म्हणाल्या, "पण माणसांच्या तोंडात आहे. तुमच्या दारातल्या दादांनाच विचारा ना. आत्ता पंधरा मिनिटांपूर्वी ते मला येतो म्हणाले."

शिपायाला आत बोलावलं. अधिकाऱ्यानं विचारलं, "दादा, आपण निघताना माणसाला काय म्हणतो?"

शिपायानं हिरव्या दिव्याकडे पाहिलं. मिशीवरून हात फिरवला. "काही म्हणत नाही, साहेब. आम्ही आपले निघतो."

"अहो, मला नाही का म्हणालात?" बाई म्हणाल्या. "तुमच्या आईच्या गुडघ्यांचं बोललात, आणि मग—"

"आजींचा काहीतरी गैरसमज झालाय, साहेब." तो बाईंकडे बघत नव्हता. बाईंना एकदम उमगलं की आपण या माणसाला कुठे आणून उभं केलं. त्या पटकन म्हणाल्या, "हो, माझाच गैरसमज झाला असेल. वय झालं आता."

आकडा सरकला. ७६. साक्षीदाराचं म्हणणं खोटं ठरलं होतं.

"साहेब," छटाक पडद्यावरून म्हणाला, "एक विचारू? आमच्याकडे काटा चुकायला लागला की आधी रिकाम्या पारड्यानं शून्यावर आणतो. हा काटा कोण तपासतं?"

"तो अधिकार माझ्याकडे नाही," अधिकारी म्हणाला. त्याच्या समोरच्या छोट्या पडद्यावर काहीतरी उमटलं. ते वाचून त्यानं कपाळावरून हात फिरवला. "बाई, नोंदयंत्रानं प्रश्न पाठवलाय. मला तो विचारावाच लागतो. आरोपी शब्द उलट्या अर्थानं वापरतो, असं तुम्ही म्हणता. हे त्याला कुणी शिकवलं?"

"मी शिकवलं," बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, आता कुठे गाडी रुळावर येतेय.

"आणखी किती जणांना शिकवलं?" आणि लगेच, आवाज खाली आणून, "नक्की आकडा आठवत नसेल तर तसं सांगितलं तरी चालतं, बाई. चालतं हं."

चौतीस वर्षं बाईंनी मुलांना एक गोष्ट बजावली होती, की उत्तर येत असेल तर पेपरात जागा कोरी सोडायची नाही. उत्तर त्यांना येत होतं. शिवाय सगळेच असं म्हणतात हेच तर त्यांना सिद्ध करायचं होतं. जितकी मुलं, तितका पुरावा.

"चौतीस वर्षं, वर्गात सरासरी चाळीस. तेराशे साठ मुलं," त्या ताठ मानेनं म्हणाल्या. "एकूण एक येतो म्हणतं."

अधिकाऱ्यानं डोळे मिटून घेतले.

पडद्यावरचा आकडा भराभर पळाला आणि ९४ वर थांबला. खाली ओळ उमटली: सांकेतिक भाषेचे संघटित प्रशिक्षण. शाळेचे हजेरीपट मागवावेत.

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. वाक्य शुद्ध होतं. त्यांना एकेक बाक दिसायला लागला. पुढच्या बाकावरची तोतरी मुलगी, तिच्यामागचा रेघा मारत बसणारा, ते जुळे, ज्यांना शेवटपर्यंत ओळखता आलं नाही. सगळे हजेरीला "हजर" म्हणत होते.

"साहेब, मला तसं म्हणायचं नव्हतं," त्या म्हणाल्या. "पुसा ते. मी पुन्हा नीट सांगते. मला आणखी पाच मिनिटं द्या."

"पुसता येत नाही, बाई."

"अहो, फळ्यावरचंसुद्धा पुसता येतं!"

अधिकाऱ्यानं निकाल वाचला. लढाई संपेपर्यंत छावणी. वाचताना त्यानं एकदाही मान वर केली नाही. मग आरोपीला काही बोलायचं आहे का, असं नियमानं विचारलं.

छटाक बाईंकडे बघत होता. लहानपणी चुकीचं उत्तर दिल्यावर बघायचा तसा नाही. बाईंचं काही चुकलं आणि ते वर्गाला कळू नये म्हणून एखादं समजूतदार पोर नजर वळवतं, तसा. हिरवा दिवा लागलेलाच होता. तोही त्याला दिसत असणार.

"जातो, बाई," तो म्हणाला.

बाईंच्या तोंडून अर्धा शब्द निघाला. "जातो ना—" आणि त्यांनी पदर तोंडावर धरला.

पडदा काळा झाला.

खाली उतरताना त्यांना कुणी हात दिला नाही. शिपाई जिन्याच्या तोंडाशी भिंतीकडे वळून उभा होता. बाई त्याच्या पाठीपाशी क्षणभर थांबल्या. "चूक तुमची नाही हो, दादा," असं म्हणायचं मनात होतं, पण कोपऱ्यात कान होता. त्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरल्या.

फुटपाथवर छटाकची बायको दोन्ही हातांनी पिशवी पोटाशी धरून उभी होती. बाईंना पाहताच ती धावत आली. काय झालं ते तिला बाईंच्या चालीवरूनच कळलं असावं, कारण तिनं निकाल विचारला नाही. रस्त्यावरून एक अवजड मालमोटार धडधडत चालली होती. त्या आवाजात तिनं बाईंच्या कानाशी तोंड नेलं.

"काही म्हणाले का हो, शेवटी?"

बाई उभ्या जन्मात मुलांशी खोटं बोलल्या नव्हत्या. ही तर त्यांच्या मुलाची बायको होती. मालमोटारीचं शेवटचं चाक अजून निघून गेलं नव्हतं.

"येतो म्हणाला," बाई म्हणाल्या.

तिचा चेहरा जरासा सैलावला.

"कधी?"

बाईंनी तिचा हात हातात घेतला. गाडी गेली, रस्ता शांत झाला. दोघी बसथांब्याकडे चालू लागल्या. थांब्यावर कान होता, म्हणून पुढे कुणीच काही बोललं नाही.