राईतलं शेवाळ

मानमोडीच्या साथीत भुशी गावच्या नथूची पोर गेली. ठकू तिचं नाव, सात वर्षांची. वासरू चारायला न्यायची आणि दुपारी देवराईतल्या एका सपाट कातळावर आडवी व्हायची. राईत ऊन पोचत नसे. कातळ, बुंधे, मोडून पडलेल्या फांद्या, सगळ्यांवर बोटभर जाड, मऊ शेवाळ.

ती गेल्यावर महिन्याभरानं तिची आई रतनबाई वासराला शोधत राईत शिरली. कातळावरचं शेवाळ एका जागी दबलेलं होतं. डोकं, खांदा, पोटाशी घेतलेले गुडघे. तिनं शेजारी तळवा दाबून पाहिला. तिथलं शेवाळ लगेच वर आलं. दबलेली जागा मात्र तशीच राहिली. भोवती दव होतं, तिथं नव्हतं. हात लावला तर ऊब लागली.

तेव्हापासून ती रोज दुपारी तिथं जाऊन बसू लागली. चूल थंड राहायची. नथूनं समजावलं, भेकर बसत असेल म्हणाला, मग चिडला. शेवटी एका सकाळी खुरपं घेऊन गेला आणि कातळ खरवडून काढला. राईतलं पानही कुणी उचलत नाही, हे त्याला ठाऊक होतं. शेवाळ त्यानं ओढ्यात सोडून दिलं.

घरी रतनबाईनं त्याची हिरवी नखं पाहिली. ती रडली नाही.

"तिचं अंथरूण काढलंत तुमी," ती म्हणाली. "आता ती कुटं निजंल?"

नथू बाहेर जाऊन नखं घासू लागला.

थोड्याच दिवसांत चुलीमागच्या कोपऱ्यात, ठकूची वाकळ असायची तिथं, जमिनीवर हिरवा डाग उठला. नथूनं त्यावर सारवलं. तो पुन्हा उठला आणि पसरत पसरत निजलेल्या पोरीएवढा झाला. उन्हाळ्यात राईतलं शेवाळ वाळून तपकिरी पडलं. चुलीच्या धगीतलं हे मात्र हिरवंगारच. शेजारणी यायच्या बंद झाल्या.

एके दुपारी नथू शेतावरून आला, तेव्हा ते शेवाळ मधोमध दबलेलं होतं. रतनबाई पाण्याला गेली होती, घरात कुणी नव्हतं. त्यानं खांद्यावरचं घोंगडं उतरवून ठेवलं. मग खाली बसला आणि जराशानं शेवाळाला लागून आडवा झाला.

रतनबाई घागर घेऊन आली ती त्याला पाहून दाराशीच थांबली.

"हळू," तो म्हणाला. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."

तिनं आवाज न करता घागर उतरवली.