मुहर्रकच्या हलवेवाल्याचा हुंकार

मी सनद हलवेवाल्याचा आवाज बोलतोय. जरा जवळ सरका, हल्ली जोर लावायची भीती वाटते मला.

सनदला मिसरूड फुटलं आणि मीही फुटलो. आखातातल्या मुहर्रकच्या बाजारात त्याच्या घरचं हलव्याचं दुकान. तो हलवा चाखत गेला, अंगाने भरत गेला, तसा मीही जड होत गेलो. गिऱ्हाइकाला रस्त्यातून मीच ओढून आणायचो. "या काकू, नुसता चाखा, घेऊ नका!" घेऊ नका म्हटलं की बाई घेतेच, हे मी फार लवकर शिकलो.

पण माझा खरा मान गुरुवारी संध्याकाळी, गाण्याच्या दारमध्ये, म्हणजे गाणाऱ्यांच्या बैठकीच्या घरात. मोत्यांसाठी बुड्या मारणाऱ्यांची जुनी गाणी तिथे चालतात. म्होरके मरहूनकाका वरच्या सुरात गातात, बाकीचे खालच्या सुरात हुंकार धरतात. त्यात सगळ्यांत खालचा मी.

मग चरबीमुळे सनदचा झोपेत श्वास अडकू लागला. डॉक्टर म्हणाले, पोट कापून लहान करू. सनदने विचारलं, "आणि आवाज?"

डॉक्टर हसले. "आवाज काय पोटात असतो?"

दारमध्ये कुणालाही विचारा, तिथेच असतो! ऑपरेशन नाही केलं तर दोघंही जाणार. केलं तर कदाचित मी एकटाच.

शुद्धीवर आल्यावर, घशात घातलेल्या नळीने मी पार घोगरा झालेलो असतानाच, सनदने घरी फोन लावला. "लुलवा, अगं, मी बोलतोय."

"मी म्हणजे कोण?" बायको कडाडली. "परक्या बाईला अगं म्हणतोस? थांब, नवरा दवाखान्यातून येऊ दे माझा!"

तो हसला. मला नाही हसू आलं.

मानेभोवतीचं मांस वितळलं तसा मी वर वर चढत गेलो. श्वास मात्र लांब झाला, खोटं कशाला बोलू. पण त्या इवल्या पोटातून आंबट पाणी वर येतं आणि मला भाजतं. डॉक्टरांनी बजावलंय, ताण देऊ नका, नाहीतर उरलाय तोही जाईल. ऐकतोय कोण! दुकानाच्या मागे सनद हनुवटी छातीला टेकवून मला खाली दाबतो. काल मी मध्येच तुटलो. थुंकीत लाल धागा आला.

आज गुरुवार. दारमध्ये शिरताच एकजण ओरडला, "अरे, हलवा संपला, नुसता डबाच आला!" सगळे हसले. सनदही हसला आणि बसला.

मरहूनकाकांनी तान घेतली. आता हुंकार धरायची पाळी. सनदची हनुवटी खाली चाललीय.

काका थांबले. गाणं मध्येच तोडताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

"गाढवा, मान वर कर. माझा बाप मोत्यांसाठी असाच तळाला गेला होता. त्याचा दोर हातात धरून आम्ही होडीत बसलो, बसलो... तो काही वर आला नाही."



सनद, बाबा, ऐक त्यांचं. मी अजून आहे, थोडा वर, मधल्या पाण्यात. तिथे हाक मार, येतो.

हनुवटी अजून वर आलेली नाही. त्याने श्वास मात्र भरून घेतलाय.