सी म्हणजे कॅलरी

"एक्याऐंशी!"

टाकेवाडीच्या मंगल कार्यालयात दोनशे माणसांनी एकदम 'आँ' केलं. व्यासपीठावर चौरंग, चौरंगावर स्टीलची ताटली, ताटलीत कढईतून नुकताच निघालेला बटाटेवडा, आणि त्या गरीब वड्यावर पिवळी प्लास्टिकची बंदूक रोखून उभे असलेले उष्माहरण महाराज! बंदुकीच्या मागच्या काचेवर आकडा चमकत होता. महाराजांनी तो पहिल्या रांगेपुढून फिरवला.

"वाचा, वाचा! मी सांगत नाही, यंत्र सांगतंय. एक्याऐंशी, आणि पुढे इंग्रजी सी. सी म्हणजे काय?"

"कॅलरी!" सगळं कार्यालय गरजलं. हे उत्तर महाराजांनीच पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

"आणि कॅलरीला आपल्या भाषेत? उष्मांक! उष्म म्हणजे उष्णता, अंक म्हणजे आकडा. शहाण्यांनी नावातच गुपित ठेवलंय. ही अन्नातली उष्णता पोटात साठते आणि तिचीच चरबी होते. मी ती हरण करतो. मग वडा खा, जिलबी खा, काय वाट्टेल ते खा!"

मग मोरपिसांचा पंखा आणि मंत्र. मंत्र संस्कृतासारखा वाटायचा, मधूनच 'मेटाबॉलिझम स्वाहा' ऐकू यायचं. चांगली वीस मिनिटं हा कार्यक्रम चाले. जानेवारीचा गारठा, उघड्या खिडक्या आणि वड्यावर अखंड पंखा. वीस मिनिटांनी महाराजांनी पुन्हा बंदूक रोखली.

"सव्वीस! पंचावन्न उष्मांक गेले कुठे?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "गेले की वाऱ्यावर!" असं म्हणणारा एकही माणूस तिथे नव्हता. महाराजांनी हात वर केला. "आता प्रत्यक्ष पुरावा. नायक उदयसिंह, या वर! सहा आठवड्यांत नऊ किलो!"

उदयसिंह व्यासपीठावर चढले आणि लोक उभे राहिले. शेवटच्या रांगेत सुभेदार हंबीरराव मात्र बसूनच राहिले. त्यांचा असा जळफळाट होत होता की बंदूक त्यांच्यावर रोखली असती तर यंत्राचीच काच तडकली असती.

टाकेवाडी हे फौजी गाव. हंबीरराव आणि उदयसिंह एकाच आळीतले, एकाच भरतीत उभे राहिलेले. एक सुभेदार होऊन परतला, दुसरा नायक. दर सव्वीस जानेवारीला गावचे निवृत्त फौजी जुना गणवेश घालून ग्रामपंचायतीपासून शाळेपर्यंत संचलन करत, आणि अकरा वर्षं त्याची कमांड हंबीररावांकडे होती. त्यांचा 'सावधान' खालच्या आळीपर्यंत ऐकू जायचा. पण यंदा माजी सैनिकांच्या बैठकीत म्हातारे तात्याबा खाकरले.

"सुभेदार, राग मानू नका. तुमचं पोट आन् बटणं, दोगांचं जमंना. औंदा तुमी खुर्चीवर बसा. कमांड उदयला देऊ. त्येला गणवेश कसा बसतोय बगा!"

त्या दिवसापासून हंबीररावांचा जेवणातला घास गोड लागेना. म्हणजे घास कमी झाला नाही, फक्त गोड लागेना. उदयसिंहांनी रस्त्यात राम राम घातला की ते खिजवताहेत असं वाटायचं. ते जिना चढले की यांच्या गुडघ्यात कळ यायची. माणसाला शेजाऱ्याचं घर, गाडी, ऊस यांचा हेवा वाटतो. हंबीररावांना शेजाऱ्याच्या कमरेचा हेवा वाटू लागला.

शेवटी डेअरीला जातो असं सांगून तेही गुपचूप महाराजांकडे जाऊ लागले. महाराजांचा नियम साधा होता. दिवसातून एकदा उष्मांक उतरवलेली एक ताटली खायची: चार गार जिलब्या, दोन गार वडे. दुसरं काही खायचं नाही. आणि दिवसातून तीनदा चमचाभर 'शीतल भस्म' घ्यायचं.

उदयसिंहांनी हा नियम फौजी शिस्तीनं पाळला. हंबीररावांनी त्यात डोकं चालवलं. अन्नातला उष्मांक जर गेलाच, तर उपाशी कशाला राहायचं? म्हणून ते कार्यालयात ताटली खात आणि घरी येऊन भाकरी, कालवण, भात आणि वर वाईच गूळ-शेंगा. तीन आठवड्यांत त्यांचं वजन चार किलोनं वाढलं.

"त्येच भस्म, तीच जिलबी," ते एका दुपारी पत्नीसमोर फुटले. "त्यो उतरतोय आन् मी चढतोय! म्हाराज बी त्येच्याच बाजूचा दिसतोय."

राहीबाई शेंगा फोडत होत्या. नवऱ्याची डेअरी कुठे आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"आवं, तुमी भस्म खाल्लंयच कुटं? भस्म मी कवाच उकिरड्यावर टाकलं. पुडीत भाजलेलं जिरं कुटून भरलंय."

"काय?"

"वासावरनंच वळीखलं मी. सोनामुखीचा पाला हाय त्यो. माझ्या म्हायेरी म्हातारीला पोट साफ व्हायला द्यायचे, त्यो बी चिमूटभर, कवातरी. ह्यो बाबा दिसातनं तीनदा चमचा चमचा चारतोय. उदयभावजींचं सा हप्ते झालं. निस्ती वाळवण झालीया त्येंची. आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा त्येंना."

"सांगतो," हंबीरराव म्हणाले आणि उठले.

उदयसिंह ओसरीवर गणवेश घालून उभे होते. नातवंडं फोटो काढत होती. "या सुभेदार!" ते आनंदानं म्हणाले. "लग्नातल्या मापावर आलोय बगा!" त्यांचे गाल आत गेले होते, खांद्यावरून शर्ट ओघळत होता आणि एका हातानं त्यांनी खांब घट्ट धरला होता. हंबीररावांना हे सगळं दिसलं. पण त्यांची नजर गेली ती सैल पट्ट्याकडे, आणि तोंडापर्यंत आलेले शब्द त्यांनी गिळले. मनात आलं, कशाला सांगायचं? सरावाला पाय लटपटले की तात्याबांना आपोआप कळेल, कमांड कुणाला द्यायची ते.

"बेस दिसतोयस," असं म्हणून ते घरी परतले. राहीबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "सांगितलं."

तीन दिवस त्यांनी वाट पाहिली. चौथ्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानात सराव होता. उदयसिंहांनी 'सावधान' म्हणायला छाती भरून श्वास घेतला आणि आवाज निघायच्या आत ते मातीत कोसळले.

हंबीररावांच्या डोक्यात पहिला विचार आला तो असा: आता कमांड माझी. विचार पुरा झाला आणि शरमेनं त्यांचे कान तापले. मग ते धावले.

शाळेला लागूनच आरोग्य उपकेंद्र होतं. तिथली नर्स सोनम ही आटपाडीकडची, मेंढपाळाच्या घरातली पोर. तिनं रक्तदाब पाहिला, जीभ पाहिली, रुग्णवाहिका बोलावली.

"काय खात हुते ह्ये?"

"जिलबी आन् वडा. गार करून," हंबीरराव म्हणाले. "आन् सोनामुखी. दिसातनं तीनदा."

"सोनामुखी? त्येंना तरी ठावं हाय का ह्ये?"

"न्हाई. मला ठावं हाय."

सोनमनं त्यांच्याकडे रोखून पाहिलं, पण पुढं काही विचारलं नाही. हंबीररावांना वाटलं, हिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दवाखान्यात उदयसिंहांना सलाईन लागलं. सतत जुलाब होऊन अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेले होते. आणखी चार दिवस असेच गेले असते तर हृदयावर बेतलं असतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. हंबीरराव रोज दवाखान्याच्या फाटकापर्यंत जात आणि परत येत.

पुढच्या गुरुवारी मंगल कार्यालय पुन्हा भरलं. महाराजांनी खुलासा तयारच ठेवला होता. "नायकांची श्रद्धा कमी पडली! त्यांनी चोरून गरम चहा घेतला असणार!" लोक माना डोलवू लागले. तेवढ्यात सोनम दोन झाकलेली पातेली घेऊन व्यासपीठावर चढली. मागून राहीबाई, आणि त्यांच्या आधारानं कालच घरी सोडलेले उदयसिंह आले आणि खुर्चीवर बसले.

"म्हाराज, ह्या दोन्हीत किती उष्मांक हाय, तेवढं मोजून द्या," सोनम म्हणाली.

"यंत्र असं ऐऱ्यागैऱ्या भांड्यावर चालत नाही. आधी संकल्प लागतो..."

"मोजा की म्हाराज!" मागून तात्याबा ओरडले. त्यांच्यामागे सगळेच ओरडू लागले.

महाराजांनी नाइलाजानं बंदूक रोखली. पहिलं पातेलं अठ्ठ्याऐंशी. दुसरं नऊ.

सोनमनं झाकणं काढून पातेली पुढच्या रांगेत फिरवली. पहिल्यात उकळून आणलेलं नुसतं पाणी होतं. दुसऱ्यात फ्रीजमधलं श्रीखंड.

"बगा मंडळी! पाण्यात अठ्ठ्याऐंशी कॅलरी आन् श्रीखंडात नऊ! उद्यापास्नं पाणी बंद करा आन् श्रीखंडानं आंगोळ करा."

कार्यालय खो खो हसलं. सोनमनं पिशवीतून दुसरी बंदूक काढली, अगदी तशीच पिवळी.

"ही माझ्या भावाची, मल्हारची. त्यो साखर कारखान्यात फिटर हाय. मशिनीचं बेअरिंग तापलंय का, ते लांबनं बगायला ही वापरत्यात. ताप मोजायचं यंत्र हाय ह्ये. काचेवरचा सी म्हंजे सेल्सियस, कॅलरी न्हवं. वडा थंड झाला की आकडा उतरतो. त्येला मंत्र लागत न्हाई, खिडकी लागती." तिनं बंदूक महाराजांच्या कपाळावर रोखली. "ह्ये बगा, तेहतीस! म्हाराजांत वड्यापरास सात कॅलरी जास्त हायत!"

"हे स्थूल उष्मांक झाले! मी सूक्ष्म उष्मांक..." महाराज बोलत बोलत मागच्या दाराकडे सरकले. दारात तात्याबा काठी आडवी धरून उभे होते. पोलीस पाटलांना फोन कधीच गेला होता. राहीबाईंनी उदयसिंहांच्या घरची भस्माची पुडी उघडून बायकांत फिरवली. दोघी-तिघी म्हाताऱ्यांनी वास घेतला आणि "अगं बया, सोनामुखी!" म्हणून नाकाला पदर लावला.

"पर उदयचं नऊ किलो उतरलं, ते तरी खरं न्हवं का?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"उतरलं की," सोनम म्हणाली. "काय उतरलं ते ऐका. दिसाकाठी येक ताटली खाल्ली, म्हंजे पोटात कमी गेलं. कमी गेलं की वजन उतरतं. कॅलरी मोजणं खोटं न्हाई. सुबेदार आबांनी ताटलीवर घरचं बी जेवण केलं, त्येंचं वाढलं. जिलबी गार हाय का गरम, त्यानं काय फरक पडत न्हाई."

हंबीररावांनी मान खाली घातली.

"पर निस्ता आकडा मोजून भागतं का? तुमी गाईला घालता ती वैरण आठवा. येक पाटी उसाच्या शेंड्याचं वाढं, येक पाटी लसूणघास. पाटी तेवढीच. निस्त्या वाढ्यावर गाय दूध देती का?"

"न्हाई!" बायका एकदम म्हणाल्या. "हाडं निगत्यात तिची."

"मग माणसाचं येगळं हाय व्हय? जिलबीचं हजार आन् भाकरी, उसळ, अंडी, पालेभाजी ह्येंचं हजार, आकडा सारका. पर जिलबीनं तासाभरात परत भूक लागती, आन् मास टिकायला जे पायजे ते तिच्यात न्हाई. नायकांची चरबी थोडी गेली, मास गेलं आन् राहिलेलं पाणी भस्मानं काढलं. काटा निस्तं वजन सांगतो, काय गेलं ते सांगत न्हाई. किती खाल्लं ते मोजा, पर काय खाल्लं ते बी बगा. गाईसाटी कळतं, ते सोत्तासाटी का कळंना?"

हंबीरराव उभे राहिले. व्यासपीठावर न जाता ते उदयसिंहांच्या खुर्चीपुढे गेले.

"उदय, तू पडलास, त्येच्या आदी तीन दिस मला ठावं हुतं. भस्मात काय हाय ते राहीनं मला सांगितलं हुतं. मी तुज्या ओसरीवर आलो त्ये तेच सांगायला. आन् गप बसलो."

"का रं?"

"तुजी कंबर बगवंना मला. कमांड तुला मिळाली, ती बगवंना."

उदयसिंहांनी मान वर केली. आवाज अजून बारीकच होता.

"सुबेदार, शीमेवर माज्या पायाखाली सुरुंग दिसला असता, तर बी गप बसला असतास?"

हंबीररावांना डोळे पुसायला रुमाल काढायचंही सुचलं नाही. सव्वीस जानेवारीला तात्याबांनी पुन्हा देऊ केलेली कमांड घ्यायला त्यांनी नकार दिला. उदयसिंहांनी त्यांना माफ केलं की नाही, हे गावात कुणालाच नीट माहीत नाही. आता दोघं रस्त्यात भेटतात, बोलतात, पण पूर्वीसारखी थट्टा करत नाहीत.

महाराजाच्या बंदुकीनं एकाला फसवलं, हेव्यानं दुसऱ्याला. उदयसिंहांनी काट्यावरच्या आकड्यापलीकडे पाहिलं नाही, हंबीररावांनी उदयसिंहांच्या पट्ट्यापलीकडे. म्हणून वाचकहो, एवढंच सांगणं आहे. कुणी आकडा दाखवून चमत्कार म्हणाला, तर हात जोडण्याआधी विचारा, हा आकडा कशाचा? कशानं मोजला? गरम पाण्यावर धरून दाखव. आणि उत्तर कळलं की उठा, चप्पल घाला आणि शेजाऱ्याचं दार वाजवून त्याला सांगा, तो आवडत नसला तरी.