नमुन्याची शिट्टी

मी शिट्टी बोलतेय. खरं तर बोलणं हे माझं काम नव्हे. मी वाजते, आणि तेही दुसऱ्याच्या श्वासावर. पण आज सोमवार, दुकान बंद आहे, कुणी तोंड लावायची भीती नाही. तेव्हा म्हटलं, जमेल तसं बोलून घ्यावं.

कोलकात्यातल्या एका रेल्वे संग्रहालयात वाफेची इंजिनं आणि जुने डबे बघून माणसांचे पाय दुखायला लागले, की ती शेवटी भेटवस्तूंच्या दुकानात शिरतात. तिथे गल्ल्याशेजारी एका खिळ्याला लाल दोरीने मी बांधलेली असते. वर पाटी आहे, 'नमुना'. बंगालीतही हाच शब्द आहे, पण मराठीत माणसाला नमुना म्हटलं की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

माझा जन्म हावड्याकडच्या एका लहानशा कारखान्यातला. पितळेचा पत्रा, वर चकचकीत मुलामा, पोटात बुचाचा गोळा. माझ्या बहिणींच्या पाठीवर इंजिनाचा छाप सरळ उमटला. माझ्या पाठीवरचं इंजिन तिरकं झालं, घाट चढत असल्यासारखं. खोकं उघडल्यावर दुकानाच्या शेफालीदींनी मला उचललं, डोळ्यांजवळ धरलं आणि बाजूला ठेवलं. विकायची नाही, वाजवून बघायला ठेवायची. आधीचा नमुना कुणीतरी खिशात घालून नेला होता, म्हणून मला दोरी.

तेव्हापासून मला सगळे फुंकतात. कुणी फुंकण्याआधी पुसतं, फुंकून झाल्यावर मात्र कुणीच पुसत नाही. नवरे बायकोला दचकवायला फुंकतात आणि मग स्वतःच हसतात. शाळेची सहल आली की माझं काही खरं नसतं. पोटभर वाजवून झालं की लोक म्हणतात, "राहू दे, काय करायचीय?" आणि फ्रिजवर चिकटवायचं इंजिन घेऊन जातात. फक्त साथीच्या काळात मला टोपलीत टाकून ठेवलं होतं. शिट्टीला सुट्टी! सोमवार सोडले तर आयुष्यातली तेवढीच.

मी दमलेय. पण वाजून दमले नाही, हे मला श्यामरावांमुळे कळलं.

श्यामराव भुसावळचे, रेल्वेतले निवृत्त गार्ड. बायको गेल्यावर मुलाने त्यांना इथे बालीगंजच्या फ्लॅटवर आणलं. मुलगा अनीश बँकेत, सून यामिनी खासगी कंपनीत, नात नूपुर शाळेत. दिवसभर घर रिकामं. मग हे बस पकडायचे आणि संग्रहालयात यायचे. पहिल्या दिवशी शेफालीदींनी बंगाली रीतीप्रमाणे हाक मारली, "आइए काकू, बैठिए." श्यामराव मागे वळून बघायला लागले, कोण काकू आल्या म्हणून! काकू म्हणजे इकडे काका, हे समजल्यावर एवढे हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून गल्ल्याजवळचं स्टूल त्यांचं झालं.

मला मराठी त्यांनीच शिकवली. म्हणजे शिकवायला बसले नाहीत, शेफालीदी गिऱ्हाइकांत गुंतल्या की ते माझ्याशी बोलायचे. "काय बाई, किती जणांनी छळलं आज?" असं विचारायचे. मला मात्र त्यांनी कधी ओठाला लावलं नाही. एकदा शेफालीदींनी आग्रह केला तर म्हणाले, "नहीं मॅडम. गार्ड ने सीटी मारी तो गाडी छूटनी चाहिए. खाली-फुकट नहीं मारते."

ते ऐकलं आणि मला माझ्या थकव्याचं कारण सापडलं. इतकी वर्षं मी वाजतेय, पण माझ्या आवाजावर एक चाकसुद्धा हललेलं नाही. माझी सारी हवा वाया गेली. एकदा तरी आपण वाजावं आणि काहीतरी सुटावं, एवढीच इच्छा मनात धरून मी खिळ्याला लोंबकळत राहिले.

श्यामरावांनाही सुटायचं होतं. सुरुवातीचे कित्येक महिने त्यांचं एकच चालायचं, भुसावळला परत जायचंय. मुलाला सांगितलं की तो म्हणे, "बघू." मग एक दिवस ते आले तेच खुशीत. स्टुलावर टेकायच्या आत मला म्हणाले, "बाई, बेत रद्द! काल नूपुर काय म्हणाली माहितीय? 'आजोबा, आमी तुला जाऊ देणार नाही.' आम्ही म्हणाली, आम्ही! म्हणजे घरात बोलणं झालेलं असणार. अनीश तोंडाने बोलायचा नाही, लहानपणापासून तसाच आहे. पण घरातलं पोरांच्या तोंडून बाहेर येतंच."

त्यानंतर रोज नवीन काहीतरी. "आजोबांसाठी आमी जागा पकडणार." "आजोबा, आमी तुझ्याजवळ बसणार." श्यामराव मला एकेक वाक्य ऐकवायचे आणि त्या 'आमी'त मुलगा, सून, नात, तिघांना बसवायचे. मी इथलीच. माझ्या कानावर दिवसभर बंगाली पडतं. मला खरं काय ते ठाऊक होतं. पण फुंकल्याशिवाय मला आवाज कुठला?

कालच्या आधीच्या रविवारी तिघं आले. श्यामराव, अनीश आणि नूपुर. मुलगी गल्ल्याला टेकून माझ्याकडे बघत होती. "हीच का तुझी बाई?" तिने आजोबांना विचारलं. ते अभिमानाने हो म्हणाले. तेवढ्यात अनीश खिशातून फोन काढत म्हणाला, "बाबा, सांगायचं राहिलं. तिकीट मिळालंय तुमचं. पुढच्या शनिवारचं, खालचा बर्थ."

"कुठलं तिकीट?"

"भुसावळचं. तुम्हीच मागे लागला होतात ना?"

श्यामराव हसले. मुलगा गंमत करतोय असंच त्यांना वाटलं असावं. "अरे, पण तुम्ही जाऊ देणार नव्हतात ना मला? नूपुर बोलली की मला."

अनीशने मुलीकडे पाहिलं. "काय बोललीस गं?"

"आमी जाऊ देणार नाही!" नूपुरने छातीवर हात आपटला. "बाबा नाही, मम्मा नाही. आमी! आमी!"

श्यामरावांना काही समजेना. ते कधी नातीकडे, कधी मुलाकडे बघत राहिले. शेवटी शेफालीदींनाच राहवलं नाही. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "काकू, आमी माने मैं. बच्ची अपना बात बोलता है. सब लोग होने से आमरा बोलता."

श्यामरावांचा हात गल्ल्यावर होता, तो त्यांनी सावकाश काढून घेतला. "असं होय," एवढंच म्हणाले. पुन्हा म्हणाले, "असं होय." आणि इतक्या महिन्यांच्या त्या 'आम्ही'मधून मुलगा उतरला, सून उतरली. उरली ती एक नूपुर, केसात निळी क्लिप लावलेली.

अनीश वाईट माणूस नाही, हे मी सांगते. वडिलांना जायचंय, असंच तो धरून चालला होता, आणि तिकीट काढलं यात त्याला आपलं कर्तव्य केल्यासारखं वाटलं होतं. पण आता तो वडिलांकडे बघेना. फळीवरची फ्रिजची इंजिनं तो एकेक करून सरळ लावत बसला. त्याने फक्त एक शब्द म्हणायचा होता. राहा म्हणाला असता, थांबा म्हणाला असता, तर मला वाटतं, खालचा बर्थ रिकामाच गेला असता. श्यामराव त्याची वाट बघत उभे होते. ते मला स्पष्ट दिसत होतं.

मग त्यांनी मला हातात घेतलं. प्रथमच. दोरी ताणली गेली, म्हणून ते थोडे वाकले.

"वाजवू नको आजोबा!" नूपुर ओरडली. तिला सगळं माहीत होतं, त्यांनीच तर सांगितलं होतं. "वाजवलं की गाडी सुटते."

"सुटायचीच आहे बाळा," ते म्हणाले. त्यांनी सवयीने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, कुणी चढायचं राहिलंय का बघतात तसं. आणि मला ओठाला लावलं.

काय सांगू! एवढी वर्षं मी वाजले ते वाजणं नव्हतंच. लांब, सरळ, न थरथरता आवाज गेला. त्याच क्षणी अनीश गर्रकन वळला. त्याने तोंड उघडलं. त्याचे ओठ हलले, मी पाहिलं. पण वाजताना मला दुसरं काही ऐकू येत नाही, आणि मी वाजत असताना कुणालाच येत नाही. तो काय म्हणाला ते त्याचं त्यालाच माहीत. आवाज थांबला तेव्हा त्याचं तोंड मिटलेलं होतं, आणि तो शब्द त्याने पुन्हा काही उच्चारला नाही.

श्यामरावांनी मला आपल्या रुमालाने पुसलं. फुंकल्यानंतर पुसणारे ते पहिलेच. "येतो बाई," म्हणाले, नातीचा हात धरला आणि दाराबाहेर पडले. मागोमाग अनीश गेला.

म्हणजे मी वाजले आणि अखेर काहीतरी सुटलं. माझी इच्छा पुरी झाली. आता मला ती नको आहे.

त्या फुंकरीनंतर माझ्या पोटातला गोळा एका बाजूला अडकतो, आवाज फाटतो. शेफालीदींनी काल दुसरी शिट्टी काढून ठेवलीय, तिचाही छाप थोडा पुसट आहे. उद्यापासून खिळ्यावर ती असेल आणि मी टोपलीत. बरंच आहे. मला निजायचंय.

तुम्ही कधी या दुकानात आलात तर तिला फुंका, खुशाल फुंका, तिचं कामच आहे ते. फक्त फुंकण्याआधी शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे एकदा बघा. त्याने काही बोलायला तोंड उघडलं असेल, तर त्याचं आधी होऊ द्या.