कॉयच्या टोपीवरचा जिग

मित्रांनो, तळहातावर घेतलंत तर मी जेमतेम बोराएवढा भरेन, पण वयानं तुमच्यातल्या बऱ्याच जणांहून मोठा आहे. मी एक जुना जिग आहे. शिशाचं डोकं, त्यात ओतून बसवलेला धारदार गळ आणि मानेभोवती तपकिरी-हिरव्या रबरी तंतूंची झालर, एवढाच माझा संसार. तळाच्या दगडांवरून मला टुकटुक चालवलं की बास माशाला वाटतं, नांग्या उगारून झिंगा चाललाय. तो मला तोंडात ओढून घेतो. पुढचं काम हाताचं असतं.

माझ्या बाबतीत तो हात कॉय लेडबेटरचा. अमेरिकेतल्या अलाबामात हॅकबेरी धरणाच्या काठी त्याचं घर आहे. टायरच्या दुकानातून चाकांची जुनी शिशाची वजनं आणून त्यानं ती गॅरेजमध्ये वितळवली आणि मला साच्यात ओतलं. रंग पक्का बसावा म्हणून त्यानं मला त्याच्या बायकोच्या, आयमोजीनच्या, पाव भाजायच्या छोट्या भट्टीत ठेवलं. आयमोजीनला वासावरून कळलं. "ती भट्टी आता तुझ्या गॅरेजातच ठेव. आणि सकाळचा पावही तिथंच खा!" असं म्हणून तिनं भट्टी उचलून त्याच्या हातात दिली. माझ्या जन्माच्या दिवशी घरात असा आनंदीआनंद होता.

त्यानंतरची वर्षं मात्र सोन्यासारखी गेली. बुडालेल्या कुंपणांतून, झाडांच्या खुंटांतून, जुन्या पुलाच्या दगडांतून मी हिंडलो. जिगवर मासा धरणं हे येरागबाळ्याचं काम नाही. मी टणक आहे. माशाला तोंडात शिसं लागलं की तो मला क्षणात थुंकून टाकतो. तेवढ्यात दोरीतून एकच 'टक्' वर जातो. तो बोटाला कळला पाहिजे आणि बोटाला कळताच मनगटानं ओढलं पाहिजे. कॉयच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला तो 'टक्' झोपेतसुद्धा कळला असता.

आमच्याच डब्यात रबरी गांडुळं असत. मऊ, लांब, जांभळी, खारवलेली, लसणाच्या वासाची. ती कॉयच्या मुलीची, रोवीनाची. रोवीना शाळेची बस चालवते, आणि बापासारखीच हट्टी आहे. कॉय त्या गांडुळांना फार हिणवायचा. "दात नसलेल्यांनी खायची पेज आहे ती! मासा आपणहून गिळतो, आपणहून अडकतो. त्यात माणसानं काय केलं?" स्पर्धेतले मासे तोलायच्या काट्यापाशी जमलेल्या मित्रांत त्याचं हे भाषण ठरलेलं. मलाही ते ऐकून चढायची. डब्यात मी गांडुळांकडे पाठ करून बसायचो. आता त्याची लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती.

मग जानेवारीत कॉयला मेंदूचा झटका आला.

तो वाचला. बोलायला लागला, चालायला लागला. पण आमचा डबा गॅरेजात तसाच पडून राहिला. कुणीतरी घाईत एक गांडूळ माझ्याच कप्प्यात टाकलं होतं. असं करू नये हे इथलं पोरही जाणतं, पण त्या दिवसांत घरात कुणाचं चित्त ठिकाणावर नव्हतं. उन्हाळ्यात पत्र्याखाली ते गांडूळ पाझरलं, त्यानं माझा रंग खाल्ला आणि ते मला चिकटून बसलं. ऑक्टोबरात कॉयनं डबा उघडला तेव्हा आम्ही दोघं एकच गोळा झालो होतो. त्यानं मला चाकूनं खरवडून मोकळं केलं. त्यात रंगवलेला माझा डावा डोळा गेला. खरवडताना चाकू दोनदा त्याच्या बोटाला लागला, रक्त आलं. त्यानं हात झटकला नाही की शिवी हासडली नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

आयमोजीनला आता बोटीची धास्ती होती. पाण्यात काही झालं तर? ती रोज बोट विकायचं काढायची. एका रविवारी चर्चबाहेरच्या जेवणात तिनं पुन्हा तो विषय काढला, आणि कॉय सगळ्यांसमोर उठून उभा राहिला. "शनिवारी क्लबाची स्पर्धा आहे. माझ्या हातचा एक तरी मासा काट्यावर पडला नाही, तर सोमवारी बोट विकतो. झालं?"

"झालं," आयमोजीन म्हणाली. "सगळ्यांनी ऐकलंय. आता माघार नाही."

ती बोट गेली तर कॉयचं काय उरणार, हे मला ठाऊक होतं. त्याला दुसरं काही येत नाही, आवडतही नाही.

शनिवारी पहाटे बाप-लेक निघाले. जोडीनंच मासे धरायची ती स्पर्धा होती. तीन वाजता काटा बंद, आणि पंधरा इंचांहून आखूड मासा मोजत नाहीत. कॉयनं मला रोवीनाकडूनच बांधून घेतलं. "चष्मा घरी राहिला," तो म्हणाला. चष्मा त्याच्या खिशात होता.

दहाच्या आत रोवीनाच्या गांडुळाला दोन मासे लागले. बोटीतल्या पाण्याच्या टाकीत ते शेपट्या आपटत होते. माझ्याकडे काही नाही. मी खुंटांमधून चालत होतो, थांबत होतो, पुन्हा चालत होतो.

आणि मित्रांनो, मासा आला.

अंधारातून त्याचं तोंड उघडलं आणि पाण्यासकट मी आत गेलो. खरखरीत ओठ, दोन्ही बाजूंनी दाब. मी होता नव्हता तेवढा जीव एकवटून 'टक्' वर पाठवला. दोरी ताणलेली असली की बोटीवरचं मला ऐकू येतं, हाताची नाडीसुद्धा कळते. वरून काहीच आलं नाही. ओढ ना कॉय, मी मनात म्हणालो, मी आत आहे, ओढ! वर कॉय मुलीला सांगत होता की आयमोजीननं सँडविचमध्ये मोहरीची चटणी कमी घातलीये. माशानं मला थुंकलं.

"काही होतं का?" रोवीनानं हळूच विचारलं.

"दगड होता."

दगड! मला इतका राग आला की सांगता येत नाही. मला वाटलं, म्हातारा आळसावलाय. लक्ष नाही त्याचं.

बारा वाजले. एक वाजला. कॉयनं उकडलेल्या शेंगांची पिशवी उघडलीसुद्धा नाही. रोवीनाला तिसरा मासा लागला. तिनं तो जाळीत घेतला, बापाकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "डॅडी, हा तुम्ही धरलात असं सांगू. इथं कोण बघतंय?"

"मी बघतोय," कॉय म्हणाला. "टाकीत टाक, आणि पुन्हा असलं बोलू नकोस."

दोन वाजता आम्ही जुन्या पुलापाशी गेलो. पाण्याखाली त्याचे दगड अजून उभे आहेत. तिथं मोठे मासे राहतात. मी तिसऱ्या दगडावरून खाली घरंगळलो आणि तळाला टेकायच्या आधीच मला घेतलं गेलं. हा मासा थोराड होता. तो मला तोंडात धरून दगडापासून बाजूला निघाला. म्हणजे वर दोरी सरकत असणार. कुणालाही दिसेल अशी सरकत असणार.

"डॅडी, ओढा! ओढा!" रोवीना किंचाळली.

कॉयनं ओढलं. पण कानानं ऐकून ओढलेलं ते, उशीर झालाच. माझा गळ माशाच्या ओठाला घासून निसटला आणि मी मोकळ्या पाण्यातून वर आलो, रिकामा.

"तुला कुणी विचारलं होतं?" कॉय ओरडला. "चाळीस वर्षं मासे धरतोय मी! मला शिकवतेस?"

"मग आधी का नाही ओढलंत? दोरी हातभर सरकली!"

"कळलं नाही म्हणून!"

मी बोटीच्या कडेला लोंबकळत होतो, माझ्यातून पाणी ठिबकत होतं. रोवीनानं काठी खाली ठेवली.

"बोटात काही नाही, पोरी," तो म्हणाला. "अंगठ्यातही नाही. जानेवारीपासून. काठी धरलीये हे मला बघून कळतं."

"मला वाटलंच होतं. कॉफीचा कप तुम्ही डाव्या हातानं धरता."

"आईला सांगितलंस?"

"नाही. तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

मित्रांनो, सकाळपासून मी ज्या माणसावर चिडत होतो, त्याच्यापर्यंत माझा एकही 'टक्' पोचत नव्हता. मी हाका मारत होतो आणि तिकडे दारच बंद होतं. मला रडता येत असतं तर मी त्या वेळी रडलो असतो.

कॉयनं मला हातात घेतलं. बराच वेळ बघितलं. मग दातांनी दोरी तोडली, मला टोपीच्या पुढच्या पाळीत अडकवलं आणि म्हणाला, "गांडूळ दे."

मला काढून गांडूळ! काळजात कळ उठावी तसं झालं. पण टोपीवरून मला सगळं दिसत होतं. तो दोरीचं टोक गळाच्या नेढ्यात घालायला बघत होता आणि दोरी त्याच्या बोटांतून निसटत होती. पुन्हा, पुन्हा. शेवटी त्यानं हात पुढे केला. रोवीनानं गाठ बांधली, थुंकी लावून आवळली, दोनदा ओढून बघितली.

"हे मऊ असतं," ती म्हणाली. "खारटही. मासा लगेच थुंकत नाही, चघळत बसतो. तुम्हाला वेळ मिळेल. बोटाचं विसरा, दोरीवर डोळा ठेवा. चालायला लागली की ओढा."

"पेज," कॉय पुटपुटला.

"हो, पेज. गिळा आता."

अडीच वाजले होते. पलीकडून बोटी परतायला लागल्या होत्या. गांडूळ पुलाच्या दगडांत उतरलं. कॉय डोळ्याची पापणी न हलवता दोरी पाण्यात जिथं शिरत होती तिथं बघत होता. रोवीना मागे उभी होती. एकदा दोरी थरथरली. वारा होता. पुन्हा काही नाही. रोवीनानं घड्याळ बघितलं आणि हात पाठीमागे घेतला.

मग दोरी चालायला लागली. अगदी सावकाश, डावीकडे. मला दिसली. रोवीनाला दिसली, तिनं ओरडू नये म्हणून आपल्याच तोंडावर हात दाबून धरला. गांडूळ खाली चघळलं जात होतं, आणि मी टोपीवर बसून, ज्याच्याकडे वर्षानुवर्षं पाठ केली त्या गांडुळाला विनवत होतो: सुटू नकोस रे बाबा, एवढी वेळ सुटू नकोस!

कॉयनं ओढलं.

काठी वाकली. तो चक्री फिरवत होता, उजव्या हाताच्या बोटांवर विश्वास नव्हता म्हणून काठी कोपराखाली आवळून धरत होता. मासा बोटीखाली शिरला, बाहेर आला, पाण्यावर उसळला. रोवीनानं जाळी घातली. दोघंही मोजपट्टीवर वाकले. माशाचं तोंड मिटलं, शेपटी चिमटीत धरली. शेपटीचं टोक पंधराच्या रेघेवर टेकलं, जेमतेम.

"बसला?" कॉयनं विचारलं.

"बसला, डॅडी! बसा खाली, इंजिन लावते!"

बस चालवणारी बाई बोट कशी चालवते ते त्या दिवशी धरणानं पाहिलं. काटा बंद व्हायच्या बेतात आम्ही धक्क्याला लागलो.

काट्यावर हॉइट होता. कॉयचा जुना मित्र, हातात माईक असला की त्याला आवरणं कठीण. माशांच्या वजनात कॉयचा मासा दिवसातला सगळ्यात हलका निघाला. तरी हॉइट ओरडला, "कॉय लेडबेटर परत आलाय! बोट वाचली बरं का, आयमोजीनबाई! आणि कशावर धरला हे विचारायलाच नको, तो बघा टोपीवर बसलाय!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, खरं सांगतो, मला ते आवडलं. कॉयनं नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. त्यानं माईक मागून घेतला.

"गांडुळावर धरला," तो म्हणाला.

"काय?"

"रबरी गांडुळावर, हॉइट. जांभळ्या. जिगवर आज दोन मासे आले आणि मला कळले नाहीत. या हाताची बोटं गेलीत. गाठ माझ्या लेकीनं बांधली. मासा मी धरला."

कुणी हसलं नाही. आयमोजीन गर्दीतून पुढे आली, तिनं त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बोटं एकेक करून दाबली.

"हे कळतंय?"

"नाही."

"हे?"

"नाही."

"आणि मी रोज कॉफी सांडलीस म्हणून तुला बोलत होते," ती म्हणाली, आणि तिथंच सगळ्यांसमोर रडायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "बोट राहू दे. पण एकटा गेलास तर मीच बुडवीन ती."

तेव्हापासून मी पाण्यात गेलेलो नाही. टोपीवर असतो. दर शनिवारी बाप-लेक निघतात, ती गाठ बांधते, तो दोरीकडे बघतो. गांडुळं झिजतात, नवी येतात, त्यांच्याशी माझं आता बरं जमतं. कधी कधी बुडालेल्या पुलावरून बोट जाताना खालच्या दगडांची आठवण येते आणि जीव कासावीस होतो. पण मी हट्ट धरत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाच्या हातातून असं काही गेलेलं असेल. ते माणूस सांगणार नाही, दगड होता म्हणेल. त्याच्या हातातली काठी काढून घेऊ नका आणि आपला मासा त्याच्या नावावर टाकू नका. गाठ तेवढी घट्ट बांधून द्या. मग मागे उभे राहा, आणि दोरी चालायला लागली की आपल्या तोंडावर हात ठेवा. ओढायचं त्याला ओढू द्या.